इंद्रधनुषी राष्ट्रातील परके : दक्षिण आफ्रिकेतील स्थलांतरित मजूर आणि परकीयद्वेषाचा इतिहास

प्रास्ताविक

११ मे २००८ रोजी जोहान्सबर्ग शहरालगतच्या अलेक्झांड्रा या दाट वस्तीत परदेशी रहिवाशांवर हल्ले सुरू झाले. पुढील काही दिवसांत हे लोण गौतेंग प्रांतातील इतर वस्त्यांत आणि तेथून दर्बान व केप टाऊनपर्यंत पोहोचले. घरे जाळण्यात आली, दुकाने लुटण्यात आली आणि एका मोझांबिकी मजुराला जमावाने जिवंत पेटवून दिले. परिस्थिती आटोक्यात आणण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. या दंगलींत ६२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि लाखाच्या आसपास लोक विस्थापित झाले. मोझांबिक, झिंबाब्वे, मलावी, सोमालिया इत्यादी देशांतून आलेले हजारो लोक पोलीस ठाण्यांच्या आवारात, चर्चमध्ये आणि तंबूंत आश्रयाला गेले.

या घटनेतील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मृतांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. परकीयांविरुद्ध उठलेल्या जमावाने ज्यांचे प्राण घेतले त्यांतील सुमारे एक तृतीयांश व्यक्ती त्याच देशाच्या होत्या. याला केवळ जमावाची चूक म्हणता येईल काय? की 'परका' म्हणजे कोण, हे ठरविण्याची एक जुनी पद्धत या देशात रुजलेली होती आणि जमावाने तीच वापरली?

दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये वर्णभेदी राजवटीचा अंत झाला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी या देशाला 'इंद्रधनुषी राष्ट्र' असे संबोधिले. १९९६ च्या राज्यघटनेने अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि हा देश त्यात राहणाऱ्या सर्वांचा आहे, अशी ग्वाही आपल्या उद्देशिकेत दिली. अशा बहुसांस्कृतिक राष्ट्रात परकीयद्वेष इतक्या तीव्रतेने का प्रकटावा, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः बेरोजगारी व दारिद्र्य यांत शोधले जाते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. श्रम स्वीकारायचे परंतु श्रमिकाचा वास्तव्याचा हक्क नाकारायचा, हे सूत्र दक्षिण आफ्रिकेच्या राज्यसंस्थेने शंभराहून अधिक वर्षे अंमलात आणले. प्रथम भारतीय व चिनी मजूर, नंतर शेजारी देशांतील खाणकामगार आणि अखेरीस देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीय जनता यांना ते क्रमाक्रमाने लागू झाले. १९९४ नंतर कृष्णवर्णीय जनता त्यातून मुक्त झाली, परंतु सूत्र मात्र नष्ट झाले नाही. या सूत्राचा ऐतिहासिक प्रवास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाताळमधील करारबद्ध मजूर आणि पहिली भाषापरीक्षा

नाताळ या ब्रिटिश वसाहतीतील ऊसमळ्यांना मजुरांची टंचाई भासू लागल्यावर भारतातून करारबद्ध मजूर आणण्याचा निर्णय घेण्यात आला. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले 'ट्रूरो' हे जहाज ३४२ भारतीयांना घेऊन दर्बान बंदरात पोहोचले. १९११ पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेत सुमारे दीड लाख भारतीय तेथे गेले. कराराला 'गिरमिट' व मजुराला 'गिरमिटिया' म्हणण्याचा प्रघात याच काळातील होय. त्यांच्यामागोमाग स्वखर्चाने गेलेल्या व्यापाऱ्यांचाही एक वर्ग तेथे निर्माण झाला.

मळेवाल्यांना मजूर हवे होते, मात्र करार संपल्यानंतर तेथेच जमीन घेऊन भाजीपाला पिकविणारा किंवा दुकान थाटणारा भारतीय गोऱ्या वसाहतवाल्यांना नको होता. यातून १८९५ चा कायदा झाला. करार संपल्यानंतर पुन्हा करारबद्ध न होणाऱ्या व मायदेशीही न परतणाऱ्या मजुरावर वार्षिक तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. मजुराच्या तुटपुंज्या मिळकतीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. मजुराने एकतर राबावे, नाहीतर निघून जावे, हा त्यामागील उद्देश उघड होता.

१३ जानेवारी १८९७ रोजी दर्बान बंदरात घडलेली घटना सुपरिचित आहे. 'कूरलँड' व 'नादेरी' या जहाजांतील भारतीय उतारूंना साथीच्या रोगाचे कारण पुढे करून तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदरात अडकवून ठेवण्यात आले होते. त्यांना उतरू देऊ नये यासाठी गोऱ्या नागरिकांचा मोठा जमाव धक्क्यावर गोळा झाला. त्याच जहाजाने परतलेल्या मोहनदास गांधींवर शहरात हल्ला झाला आणि पोलीस अधीक्षकांच्या पत्नीच्या धैर्यामुळे ते बचावले. जमाव पांगला, परंतु त्याची मागणी त्याच वर्षी कायद्याच्या रूपाने मान्य झाली. नाताळच्या १८९७ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यानुसार वसाहतीत प्रवेश करू इच्छिणाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखविणे आवश्यक ठरले. कायद्यात वंशाचा वा वर्णाचा उल्लेख नव्हता. भाषेच्या परीक्षेआड वंशाची गाळणी लपविण्यात आली होती. ही युक्ती 'नाताळ सूत्र' म्हणून ओळखली गेली. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी ती इतर वसाहतींपुढे आदर्श म्हणून ठेवली आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या स्थलांतर कायद्यात तिचाच अवलंब केला.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी आलेला संबंध येथे नोंदविला पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मांडला आणि त्यानुसार १९११ मध्ये ही भरती बंद झाली. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. पंतप्रधान बोथा व मंत्री स्मट्स यांच्याशी झालेल्या भेटीनंतर तीन पौंडांचा कर रद्द होईल अशी त्यांची समजूत झाली. सरकारने पुढे तसे आश्वासन दिल्याचे नाकारले. १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांनी संप पुकारला. तो ऊसमळ्यांपर्यंत पसरला आणि १९१४ च्या कायद्याने हा कर अखेर रद्द झाला. मात्र या लढ्यात भारतीय नेतृत्वाने आपली बाजू ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन या नात्याने मांडली होती. स्थानिक कृष्णवर्णीय जनतेच्या दास्याशी आपल्या प्रश्नाचा सांधा जोडण्याचा प्रयत्न त्या काळात झाला नाही. या उणिवेची किंमत पुढील पिढीला मोजावी लागली.

२. सोन्याच्या खाणी आणि परतीचा करार

१८८६ मध्ये विटवॉटर्सरँड परिसरात सोन्याचा शोध लागला. तेथील सोने खोलवर होते आणि खनिजातील त्याचे प्रमाण अल्प होते. सोन्याचा भाव खाणमालकांच्या हाती नसल्याने नफा टिकविण्याचा मार्ग एकच उरला, तो म्हणजे मजुरी कमी ठेवणे. त्यासाठी दूरच्या प्रदेशांतून, शक्यतो कुटुंबाविना येणारे आणि करार संपताच परत जाणारे पुरुष मजूर हवे होते.

बोअर युद्धानंतरची मजूरटंचाई भरून काढण्यासाठी १९०४ पासून चीनमधून सुमारे ६३,००० मजूर आणण्यात आले. त्यांना कुंपणबंद आवारात ठेवले जाई, कुशल कामे त्यांना निषिद्ध होती आणि करारान्ती मायदेशी परतणे बंधनकारक होते. ब्रिटनमधील १९०६ च्या निवडणुकीत 'चिनी गुलामगिरी' हा प्रचाराचा मुद्दा बनला आणि १९१० पर्यंत जवळजवळ सर्व चिनी मजुरांची पाठवणी करण्यात आली.

कायमस्वरूपी पुरवठा मात्र शेजारी प्रदेशांतून होत राहिला. खाणमालकांनी १९०० मध्ये स्थापन केलेली 'विटवॉटर्सरँड नेटिव्ह लेबर असोसिएशन' ही भरतीसंस्था, मजुरांच्या बोलीतील 'वेनेला', आजच्या मोझांबिक, मलावी, झांबिया आदी प्रदेशांतून माणसे गोळा करीत असे. १९०९ मध्ये पोर्तुगीज सरकारशी झालेल्या कराराने मोझांबिकमधील भरतीला पक्के स्वरूप आले. १९२८ च्या करारान्वये मजुरीचा काही भाग मजूर मायदेशी परतल्यावरच देण्याची तरतूद झाली. परतीची हमी अशा रीतीने मजुराच्याच पैशातून घेण्यात आली. उष्ण प्रदेशांतून आलेल्या मजुरांत न्यूमोनियाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एवढे होते की, १९१३ मध्ये २२ दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडून भरती करण्यास बंदी घालावी लागली. ही बंदी पुढे १९३० च्या दशकात उठविण्यात आली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी सोन्याच्या खाणींतील कृष्णवर्णीय कामगारांपैकी सुमारे ८० टक्के कामगार परदेशी होते. १९७४ मध्ये फ्रान्सिसटाऊनजवळ झालेल्या विमान अपघातात ७० हून अधिक मलावी खाणकामगार मरण पावल्यावर राष्ट्राध्यक्ष बांडा यांनी भरती थांबविली. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले. त्यानंतर खाणमालकांनी देशांतर्गत भरतीवर भर दिला. दक्षिण आफ्रिकेचे औद्योगिक वैभव ज्या श्रमांवर उभे राहिले त्यांत शेजारी देशांतील अनेक पिढ्यांचा वाटा आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. खाणीतील धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाबद्दल कामगारांनी केलेल्या सामूहिक दाव्यात २०१९ मध्ये न्यायालयाने सुमारे पाच अब्ज रँडच्या तडजोडीला मान्यता दिली. तिच्या लाभार्थ्यांत लेसोथो, मोझांबिक आदी देशांत परतलेले कामगारही आहेत.

३. स्वदेशात परके

परदेशी मजुरासाठी तयार झालेले हे सूत्र स्थानिक कृष्णवर्णीयांनाही लागू करण्यात आले. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य लोकसंख्येच्या वाट्याला देशातील सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ मध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढविण्याचे ठरले. जमीन गमावलेली माणसे कामासाठी शहरांकडे येणे क्रमप्राप्त होते. १९२२ मध्ये स्टॅलार्ड आयोगाने या संदर्भात जे तत्त्व मांडले ते पुढील सर्व धोरणाचा पाया ठरले. कृष्णवर्णीय व्यक्तीने गोऱ्यांच्या गरजा भागविण्यापुरतेच शहरात यावे आणि ते काम संपताच शहर सोडावे, असा त्याचा आशय होता. १९२३ च्या नागरी क्षेत्र कायद्यात हे तत्त्व अवतरले.

१९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आल्यानंतर या व्यवस्थेला शास्त्रशुद्ध क्रूरतेची जोड मिळाली. १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक व्यक्तीची वंशानुसार नोंद केली आणि निवासाची क्षेत्रे वंशानुसार विभागली. १९५२ च्या दुरुस्तीनुसार जन्माने वा प्रदीर्घ नोकरीने हक्क प्राप्त झाला नसेल तर कोणाही कृष्णवर्णीयास शहरी क्षेत्रात ७२ तासांपेक्षा अधिक काळ राहता येत नसे. ओळखपुस्तिका सदैव जवळ बाळगावी लागे. लोक तिला तिरस्काराने 'डोम्पास' म्हणत. या पासच्या विरोधात शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अधिकृत आकड्यानुसार ६९ जण मारले गेले. १९१६ ते १९८४ या काळात पास कायद्यांखाली झालेल्या अटका व खटल्यांची संख्या अभ्यासकांनी सुमारे १ कोटी ७० लाख इतकी सांगितली आहे.

१९७० च्या नागरिकत्व कायद्याने ही प्रक्रिया पूर्णत्वास नेली. प्रत्येक कृष्णवर्णीय व्यक्तीस तिच्या भाषेवरून वा वंशमूळावरून कोणत्या तरी 'स्वदेशा'ची नागरिक ठरविण्यात आले. ट्रान्सकाय (१९७६), बोफुतात्स्वाना (१९७७), वेंडा (१९७९) आणि सिस्काय (१९८१) यांना तथाकथित स्वातंत्र्य बहाल झाल्यावर तेथील म्हणून नोंदलेल्या लक्षावधी लोकांचे दक्षिण आफ्रिकेचे नागरिकत्व संपुष्टात आले. त्यांतील कित्येकांनी तो 'स्वदेश' कधी पाहिलेलाही नव्हता. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला कामगार अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने परदेशी मजूर ठरला. पास कायदे १९८६ मध्ये रद्द झाले, परंतु माणसाचे शहरातील स्थान त्याच्या कागदावरून व बोलीवरून ठरते, हा धडा अनेक पिढ्यांनी गिरविला होता.

४. दर्बान, जानेवारी १९४९

वर्णव्यवस्थेच्या तळाशी ढकललेले समूह एकमेकांकडे कसे पाहू लागतात याचे उदाहरण १९४९ मध्ये दर्बानने पाहिले. १३ जानेवारी रोजी एका भारतीयाने एका आफ्रिकी मुलाला मारहाण केल्याच्या वृत्तातून दंगल पेटली. आफ्रिकी जमावांनी भारतीयांची घरे व दुकाने जाळली. पोलीस व लष्कराने नंतर बळाचा वापर केला. मृतांची संख्या १४२ होती. त्यांत ५० भारतीय व ८७ आफ्रिकी होते आणि आफ्रिकी मृतांपैकी अनेक जण पोलीस व लष्कराच्या गोळीबारात मारले गेले होते.

भारतीय व्यापारी व बसमालक यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीची तक्रार आफ्रिकी लोकांच्या मनात होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि आफ्रिकी लोकांना शहरात दुकानांचे परवाने व जागा नाकारणारी सत्ता गोऱ्यांची होती. राग मात्र समोर दिसणाऱ्या दुकानदारावर निघाला. शिवाय तिसऱ्या-चौथ्या पिढीतील भारतीयांनाही सरकार परकेच मानीत होते. १९२७ च्या केप टाऊन करारात त्यांना भारतात परत पाठविण्याच्या योजनेचा समावेश होता आणि त्यांना देशाच्या लोकसंख्येचा कायम घटक म्हणून मान्यता मिळण्यास १९६१ साल उजाडावे लागले. ज्यांना राज्यसंस्था परके म्हणते त्यांना हाकलणे जमावाला सोपे वाटते, हे येथे दिसून येते. दुसऱ्या बाजूस, १९४७ मध्ये डॉ. झुमा, डॉ. नायकर व डॉ. दादू यांनी आफ्रिकी व भारतीय संघटनांच्या सहकार्याचा करार केला होता. दंगलीनंतरही तो टिकला व १९५० च्या दशकातील संयुक्त लढ्यांचा आधार बनला.

५. १९९४ नंतरचे राष्ट्र आणि त्याची सीमा

वर्णभेदविरोधी लढ्याला शेजारी देशांनी दिलेला आश्रय हा या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे मुख्यालय दीर्घकाळ झांबियातील लुसाका येथे होते. या आश्रयाची शिक्षा म्हणून दक्षिण आफ्रिकी सैन्याने मोझांबिकमधील माटोला (१९८१), लेसोथोमधील मासेरू (१९८२) व बोत्स्वानातील गाबोरोने (१९८५) येथे हल्ले केले. मासेरूतील ४२ मृतांपैकी १२ जण लेसोथोचे नागरिक होते. मोझांबिकमधील रेनामो बंडखोरांना प्रिटोरियाने दिलेल्या पाठबळामुळे चिघळलेल्या यादवीतून लाखो माणसे पळाली आणि त्यांतील मोठा समूह दक्षिण आफ्रिकेतच आला.

नव्या लोकशाही सरकारने १९९८ मध्ये उदार असा निर्वासित कायदा केला. परंतु स्थलांतराचे नियमन २००२ च्या कायद्यापर्यंत मुख्यतः १९९१ च्या, म्हणजे वर्णभेदी राजवटीच्या अखेरच्या काळातील, परकीय नियंत्रण कायद्यानेच होत राहिले. १९९६ या एका वर्षात सुमारे १ लाख ८० हजार लोकांना देशाबाहेर पाठविण्यात आले, त्यांत बहुसंख्य मोझांबिकी होते. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेच्या १९९८ मधील अहवालानुसार पोलीस संशयितांची पारख त्वचेच्या गडदपणावरून, लस टोचल्याच्या खुणेवरून व उच्चारांवरून करीत असत. जमावाने ही परीक्षा घेण्यापूर्वीच ती शासनयंत्रणेच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होती.

याच काळात 'मक्वेरेक्वेरे' हा शब्द रूढ झाला. कानाला न कळणाऱ्या बोलीचा उपहास करणारा हा शब्द प्रायः कृष्णवर्णीय आफ्रिकी परदेशीयांनाच लावला जातो. युरोपातून येणारा पर्यटक वा तेथे स्थायिक झालेला गोरा परदेशी त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. दक्षिण आफ्रिकेत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत शेजारी देशांतील प्रवासी बहुसंख्य असतात. ते खरेदीला, व्यापाराला, उपचारांना वा नातलगांना भेटायला येतात आणि देशाच्या उत्पन्नात भर घालतात. तरीही 'पर्यटक' या शब्दाने जी प्रतिमा उभी राहते तीत त्यांना स्थान नसते. परकीयद्वेषाच्या या निवडक स्वरूपामुळे काही अभ्यासक त्यास 'आफ्रिकाद्वेष' असे संबोधितात.

हिंसेची चिन्हे लवकरच दिसू लागली. १९९४-९५ मध्ये अलेक्झांड्रा येथेच सशस्त्र टोळ्यांनी परदेशीयांना पोलीस ठाण्यापर्यंत पिटाळून नेले आणि त्यांच्या हकालपट्टीची मागणी केली. १९९८ मध्ये प्रिटोरिया ते जोहान्सबर्ग मार्गावरील आगगाडीत बेरोजगारांच्या सभेहून परतणाऱ्या जमावाच्या हल्ल्यात दोन सेनेगाली व एक मोझांबिकी व्यक्ती मरण पावली. २००७ मध्ये आफ्रिकी राष्ट्रांच्या परस्पर-परीक्षण यंत्रणेने वाढत्या परकीयद्वेषाबद्दल इशारा दिला, तो सरकारने अमान्य केला.

६. २००८ ची दंगल आणि दुसरी भाषापरीक्षा

या पार्श्वभूमीवर २००८ च्या मे महिन्यातील घटनांकडे पाहावे लागते. जमावांनी संशयितांना अडवून कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात, असे विचारल्याच्या नोंदी आहेत. त्याचे उत्तर 'इन्डोलोल्वाने' असे होते. दैनंदिन संभाषणात क्वचितच येणारा हा शब्द ज्याला सांगता आला नाही तो परका ठरला. त्सोंगा, वेंडा वा पेडी भाषिक नागरिकांची मातृभाषा झुलू नाही. त्सोंगा व वेंडा या तर सीमेपलीकडील मोझांबिक व झिंबाब्वेतही बोलल्या जाणाऱ्या भाषा होत. परिणामी या समाजांतील लोकही बळी पडले. अकरा अधिकृत भाषांचे कौतुक करणाऱ्या राष्ट्रात एका भाषेतील एक शब्द नागरिकत्वाची कसोटी बनला.

१८९७ ची दर्बान येथील परीक्षा आणि २००८ ची ही परीक्षा यांत मोठे अंतर आहे. पहिली सत्ताधाऱ्यांनी कायद्याने घेतली, दुसरी वंचितांनी कायदा झुगारून घेतली. तरीही दोहोंची रचना सारखी आहे. भाषा हे दोन्ही ठिकाणी निमित्त होते. आधीच नको ठरविलेल्या माणसाला वेगळे काढणे हे खरे प्रयोजन होते. २१ दक्षिण आफ्रिकी नागरिकांच्या मृत्यूचे स्पष्टीकरणही येथेच मिळते. ज्या कसोटीने एकेकाळी सर्वच कृष्णवर्णीय शहरात परके ठरले होते, तिच्याच धर्तीवरील कसोटी त्यांतील काहींनी काहींना लावली.

सरकारची प्रतिक्रिया प्रारंभी नकाराची होती. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी या घटना परकीयद्वेषाच्या नसून गुन्हेगारी स्वरूपाच्या आहेत, असे प्रतिपादन केले. आफ्रिकेच्या पुनरुत्थानाचा पुरस्कार करणाऱ्या नेत्यास हे वास्तव स्वीकारणे जड गेले असावे. याउलट दर्बान येथील झोपडीवासीयांच्या 'अबाह्लाली बासेम्जोंडोलो' या संघटनेने हल्ल्यांचा निषेध करून आपल्या वस्त्यांत परदेशी शेजाऱ्यांचे रक्षण करण्याची भूमिका घेतली. समान दारिद्र्यातून समान हिंसा उद्भवतेच असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

७. पुनरावृत्ती

२०१५ च्या एप्रिलमध्ये दर्बान व जोहान्सबर्ग येथे पुन्हा हल्ले झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी झुलू राजे गुडविल झ्वेलिथिनी यांनी परदेशीयांनी चंबूगबाळे आवरावे अशा आशयाचे भाषण केल्याचे वृत्त होते. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले. मानवाधिकार आयोगाने ते भाषण कायद्यानुसार द्वेषमूलक ठरत नसले तरी हानिकारक असल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबर २०१९ मध्ये जोहान्सबर्ग परिसरात किमान १२ जण ठार झाले आणि या वेळी मृतांत दक्षिण आफ्रिकी नागरिकांची संख्या अधिक होती. नायजेरियाने आपल्या नागरिकांना विमानाने परत नेले. त्याच महिन्यात हरारे येथे रॉबर्ट मुगाबे यांच्या अंत्यविधीप्रसंगी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा बोलण्यास उभे राहताच उपस्थितांनी त्यांची हुर्यो उडविली. त्यांनी घडल्या प्रकाराबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

२०२१ मध्ये सोवेटो येथून 'ऑपरेशन दुदुला' ही मोहीम सुरू झाली. झुलू भाषेत 'दुदुला' म्हणजे मागे रेटणे. या मोहिमेचे कार्यकर्ते परदेशीयांची दुकाने बंद पाडू लागले, लोकांकडे ओळखपत्रे मागू लागले आणि सरकारी दवाखान्यांच्या दारात उभे राहून परदेशी रुग्णांना अडवू लागले. २०२५ मध्ये जोहान्सबर्ग येथील उच्च न्यायालयाने या कृत्यांस मनाई केली. ओळखपत्र मागण्याचा अधिकार खाजगी व्यक्तींना नसून कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पास कायद्यांच्या स्मृती जेथे अद्याप जिवंत आहेत तेथे हा निर्णय देण्याची वेळ यावी, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

८. कारणमीमांसा

परकीयद्वेषाची आर्थिक कारणे नाकारता येत नाहीत. अधिकृत बेरोजगारीचे प्रमाण २०२० नंतर ३० टक्क्यांच्या वर राहिले आहे. घरे, पाणी व आरोग्यसेवा यांची टंचाई खरी आहे. वस्तीतील 'स्पाझा' दुकानांत सोमाली वा इथिओपियाई दुकानदाराशी स्पर्धा करताना स्थानिक दुकानदार मागे पडतो, ही तक्रारही अनुभवातून आलेली आहे. तथापि २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ६ कोटी २० लाख लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांची संख्या सुमारे २४ लाख, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास होती. जनगणनेत अनधिकृत रहिवाशांची नोंद अपुरी राहते, हे गृहीत धरले तरी एवढ्या समूहामुळे देशव्यापी बेरोजगारी निर्माण होणे संभवनीय नाही. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासात तर १९९६ ते २०११ या काळात प्रत्येक स्थलांतरित कामगारामागे स्थानिकांसाठी सुमारे दोन रोजगार निर्माण झाल्याचा अंदाज मांडण्यात आला.

जीन पिएर मिसागो व लॉरेन लँडाउ यांच्या संशोधनाने आणखी एक बाजू पुढे आणली. २००८ ची हिंसा सर्वांत गरीब वस्त्यांत सर्वाधिक झाली असे आढळले नाही. जेथे स्थानिक पुढाऱ्यांत सत्तेसाठी चढाओढ होती व अधिकृत नेतृत्व दुबळे होते तेथे हल्ले संघटितपणे घडविले गेले. मायकेल निओकॉस्मॉस यांनी २००६ मध्येच राजकीय कारणाकडे लक्ष वेधले होते. त्यांच्या मते १९९४ नंतर नागरिकत्वाची कल्पना जनतेच्या सक्रिय सहभागावरून हटून जन्मभूमीच्या दाव्यावर येऊन ठेपली आणि राज्यसंस्थेच्या भाषेनेच परकीयद्वेषाला आधार पुरविला. मुक्तिलढ्यात खांद्याला खांदा लावून लढलेला मोझांबिकी वा लेसोथोचा कामगार या नव्या व्याख्येबाहेर पडला.

या तिन्ही मतांत विरोध नसून ती एकमेकांस पूरक आहेत. टंचाई असंतोष निर्माण करते, स्थानिक पुढारी त्याला दिशा देतात आणि कोणाला लक्ष्य करायचे हे इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेले असते. अर्थात वर्णभेदाच्या वारशाकडे बोट दाखवून १९९४ नंतरच्या शासनास जबाबदारीतून मुक्त करता येणार नाही. १९९१ चा कायदा पुढे अनेक वर्षे चालू ठेवणे, इशारे अव्हेरणे आणि हल्लेखोरांना शिक्षा होईल याची तजवीज न करणे हे निर्णय लोकशाही सरकारांचे होते.

निष्कर्ष

दक्षिण आफ्रिकेतील परकीयद्वेष १९९४ नंतर अचानक उद्भवलेला नाही. नाताळचा तीन पौंडांचा कर, खाणींचा परतीचा करार, स्टॅलार्ड आयोगाचे तत्त्व, ७२ तासांची मर्यादा व १९७० चा नागरिकत्व कायदा ही एकाच विचाराची रूपे होत. श्रमिकाचे अस्तित्व त्याच्या उपयोगापुरते मान्य करावयाचे, हा तो विचार. लोकशाहीने नागरिकांना त्यातून सोडविले. नागरिक नसलेल्या श्रमिकाबाबत मात्र तो कायम राहिला.

बहुसांस्कृतिकतेच्या मर्यादेचाही येथे विचार करावा लागतो. भाषा, धर्म व वंश यांच्या विविधतेचा गौरव करणारे राष्ट्र त्या विविधतेची यादी सीमेपाशी बंद करते तेव्हा सीमेबाहेरून आलेल्याचे वेगळेपण हा केवळ संशयाचा विषय उरतो. हा संशय नंतर सीमेपाशी थांबत नाही. २००८ मध्ये तो त्सोंगा व वेंडा भाषिक नागरिकांपर्यंत पोहोचला आणि २०१९ मध्ये त्याचे बहुसंख्य बळी स्वदेशीयच होते. परक्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा औदार्याचा प्रश्न आहे असे मानले जाते. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरून मात्र परक्याला नाकारलेले संरक्षण नागरिकालाही फार काळ लाभत नाही, असे दिसते. देश त्यात राहणाऱ्या सर्वांचा आहे, या घटनेच्या उद्देशिकेतील ग्वाहीचा अर्थ तेथील न्यायालये व नागरी संघटना शब्दशः घेऊ पाहत आहेत. तो शासनानेही तसाच घेणे, यावर या प्रश्नाची उकल अवलंबून आहे.